सेवाव्रती सावित्रीबाई

इ. स. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि थोड्याच महिन्यांत ती पुण्यास येऊन पोहोचली. घरांतून आधी उंदीर मरून पडत. मग माणसांना कडक ताप भरे, काखेत वा जांघेत गाठ उठे आणि पाहता पाहता रोगी दगावे. या रोगाचे जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे सापडले होते. परंतु उंदरांच्या अंगावरील पिसवा तो पसरवितात, हे १८९८ पर्यंत कोणी दाखवून दिले नव्हते. रोग्यास हमखास बरे करील असे औषधही नव्हते. त्यामुळे सख्खे आप्तही रोग्याजवळ जाण्यास भीत.

अशा वेळी सहासष्ट वर्षांची एक वृद्ध स्त्री रुग्णसेवेस पुढे सरसावली. त्या म्हणजे सावित्रीबाई फुले.

त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. बालपणीच त्यांचा विवाह जोतीराव फुले यांच्याशी झाला. पतीकडून त्या लिहावाचावयास शिकल्या आणि १८४८ साली पुण्यात निघालेल्या मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. शाळेच्या वाटेवर लोक त्यांच्या अंगावर चिखल आणि शेण फेकीत. तरी त्यांनी शाळा सोडली नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात उपाशी मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून या पतिपत्नींनी अन्नछत्रे चालविली. एका निराधार विधवेच्या पुत्रास त्यांनी दत्तक घेतले. हा यशवंत पुढे डॉक्टर झाला. जोतीराव १८९० साली निवर्तले. पण सावित्रीबाईंचे कार्य थांबले नाही.

१८९७ च्या आरंभी यशवंतरावांनी हडपसरजवळच्या ससाणे यांच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाईंनी परिचारिकेचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. उतारवयात हे काम त्यांना नवेच होते. तरीही त्या स्वतः रोग्यांना दवाखान्यात आणू लागल्या. कोणाचीही जात त्यांनी विचारली नाही.

मुंढवा गावाबाहेरच्या, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या वस्तीत पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलास प्लेगने गाठले. हे कळताच सावित्रीबाई तेथे गेल्या. त्यांनी त्या मुलास पाठीवर घेतले आणि तशाच त्या दवाखान्याकडे चालू लागल्या. मुलगा उपचारापर्यंत पोहोचला; पण प्लेगने आता सावित्रीबाईंना गाठले. १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. पुढे १९०५ साली यशवंतरावही प्लेगनेच गेले.

२०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा नुकतेच शिक्षण संपविलेल्या कित्येक परिचारिकांना आपल्या सेवेचा पहिला दिवस साथीच्या रोग्यांमध्येच काढावा लागला. त्यांच्या हाती मुखपट्ट्या होत्या, हातमोजे होते, शास्त्राचे ज्ञान होते. सावित्रीबाईंपाशी यांतले काहीच नव्हते. मुलांनो, ज्या मुलास सारे दूर ठेवीत, त्याला पाठीवर घेण्याचे धैर्य मात्र त्यांच्यापाशी होते.