लाखोंची वारी शिस्तीत कशी चालते? ग्वाल्हेरहून परतलेल्या हैबतबाबांनी बसवलेली घडी

पालखी तळावर पोहोचते. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार हातातला चोप उंचावतो आणि क्षणात सगळं शांत.

ही शिस्त बसवली हैबतरावबाबा आरफळकर यांनी.

ते मूळचे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, नोकरीला ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे. गावी परतताना सातपुड्यात लुटारूंनी त्यांना पकडलं आणि माऊलींच्या कृपेने ते सुटले, अशी कथा वारकरी सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी एवढं खरं की त्यानंतर ते आरफळला न थांबता आळंदीत राहिले.

पालखी सोहळा त्याआधीही होता. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये तो सुरू केला होता. 1832 च्या सुमारास हैबतबाबांनी ज्ञानेश्वर माऊलींची पालखी स्वतंत्रपणे नेायला सुरुवात केली. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे आणि तंबू दिले. माऊलींचे अश्व आजही अंकलीहूनच येतात.

फौजेचा तळ पाहिलेल्या या माणसाने गर्दीचे गट पाडले. म्हणजे दिंड्या. पुढे पताकावाले, मग टाळकरी, मृदंगी, विणेकरी, तुळस घेतलेल्या बाया. दिंडीची जागा ठरलेली. आज रथापुढे 27 दिंड्या असतात, मागे त्याहून कितीतरी जास्त, आणि प्रत्येकीला नंबर. संध्याकाळच्या समाजआरतीला सगळे गप्प झाल्यावरही एखाद्या दिंडीचे टाळ वाजत राहिले, तर समजायचं की त्यांची तक्रार आहे. चोपदार तिथे जाऊन ती ऐकून घेतो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूही तिथेच पुकारल्या जातात. तक्रार सांगायची इतकी साधी सोय आपल्या अनेक ऑफिसांतही नसेल!

आता यात गटाचं एवढं काय?

गर्दी कॉम्प्युटरवर चालवून बघणारे शास्त्रज्ञ बराच काळ माणूस एकटाच चालतो असं धरत होते. प्रत्यक्षात रस्त्यावर बरेच जण दोघं-तिघं मिळून चालतात. बोलता यावं म्हणून ते शेजारी-शेजारी पसरतात आणि मागच्यांचा वेग कमी होतो. हे गट मॉडेलमध्ये नीट आले ते 2010 च्या आसपास.

संकटात तर फरक जीवघेणा ठरतो. 1973 मध्ये ब्रिटनजवळच्या आईल ऑफ मॅन बेटावर समरलँड या करमणूक केंद्राला आग लागली, 50 माणसं गेली. मुलं दुसरीकडे खेळत असलेले आईबाप दाराकडे न पळता आधी मुलांना शोधायला धावले होते. कोणताही आईबाप हेच करेल. म्हणून आपली माणसं आधीपासून एकत्र असणं महत्त्वाचं. दिंडीत नेमकं तेच होतं: चुकलेल्या माणसाला नंबर सांगता येतो आणि तो नसल्याचं कोणाच्या तरी लक्षात येतं.

पण ही घडी दिंडीत असलेल्यांसाठी. मोकळे चालणारेही खूप असतात, आणि देवळाजवळच्या अरुंद गल्ल्यांत सगळेच एकमेकांत मिसळतात. 2023 मध्ये आळंदीत प्रस्थानाच्या वेळी मंदिरात कोणाला सोडायचं यावरून पोलीस आणि वारकऱ्यांत झटापट झाली.

त्याच मंदिराच्या महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे. कार्तिकी यात्रेची सुरुवात दरवर्षी तिच्या पूजेने होते.