पेट्या घडवणाऱ्यांचा वारस : रिचर्ड आर्कराइट

आपल्या पुस्तकांत इंग्रज आडनावांची नुसती गर्दी आहे. वॉट, ज्यूल, व्हिटवर्थ... आपण ती युनिट किंवा थ्रेड म्हणून पाठ करतो, पेपरात लिहितो आणि विसरतो. त्या आडनावाला काही अर्थ असेल, हे डोक्यातच येत नाही. मी मात्र अशाच एका आडनावाच्या मागे लागलो. ते म्हणजे आर्कराइट.

'आर्क' म्हणजे धान्य, पीठ ठेवायची मोठी लाकडी पेटी. 'राइट' म्हणजे घडवणारा कारागीर. लिहिण्याशी किंवा उजव्या हाताशी या 'राइट'चा काही संबंध नाही. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर तिथे आडनावं हळूहळू रुजली. साधारण १४०० पर्यंत बापाचं आडनाव मुलाला लागायची रीत पक्की झाली. मग मुलगा पेट्या करो वा न करो, तो आर्कराइटच! चाकं करणारा व्हीलराइट, गाड्या करणारा कार्टराइट. विमानवाल्या राइट बंधूंचं आडनावही याच शब्दाचं.

आपला रिचर्ड आर्कराइट १७३२ साली लँकेशायरमधल्या प्रेस्टन गावी जन्मला. बाप शिंपी, घरात पोरांचं लेंढार. शाळा नशिबात नव्हती. चुलत बहिणीने लिहाय-वाचायला शिकवलं. पुढे तो न्हाव्याचं काम शिकला, बोल्टनमध्ये दुकान थाटलं, केसांचे टोप विकले. म्हणजे सुतारकीशी काडीचा संबंध नाही!

त्या काळात चरख्यावर सूत कातून विणकरांची गरज भागत नव्हती. आर्कराइटने हे हेरलं. जॉन के नावाच्या घड्याळजीला हाताशी धरून त्याने यंत्र बनवून घेतलं आणि १७६९ मध्ये पेटंट मिळवलं. युक्ती साधी आहे. रोलरच्या जोड्या एकापुढे एक लावायच्या आणि पुढची जोडी मागचीपेक्षा जास्त वेगाने फिरवायची. त्यामुळे पेळू ताणला जाऊन बारीक होतो, मग त्याला पीळ बसतो. आजच्या रिंग फ्रेममध्येही हेच तत्त्व आहे. १७७१ मध्ये त्याने डर्बीशायरमधल्या क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी गिरणी उभारली. कामगारांसाठी घरं बांधली, पण रात्रंदिवस पाळ्या लावल्या, आणि लहान लहान पोरांनाही कामाला जुंपलं.

खरा पेच पुढेच आहे. १७८५ मध्ये त्याचं १७७५ चं दुसरं पेटंट कोर्टात आलं. थॉमस हाईज नावाच्या कारागिराने साक्ष दिली की रोलरची कल्पना मूळ त्याची. के आधी त्याच्याकडे काम करायचा, त्याच्याकडूनच ती आर्कराइटकडे गेली. त्याही आधी, १७३८ मध्ये, लुईस पॉल याने रोलरने सूत कातायचं पेटंट घेतलं होतं. कोर्टाने आर्कराइटचं पेटंट रद्द केलं. गंमत बघा, पुढच्याच वर्षी राजाने त्याला 'सर' केलं! १७९२ मध्ये तो वारला तेव्हा अफाट श्रीमंत होता. हाईजचं नाव मात्र आज फारसं कोणाला ठाऊक नाही.

मग हा खरंच 'राइट' होता का? मला वाटतं, अर्धा. पाणी, यंत्र, माणसं आणि वेळ एका सूत्रात बांधणारी गिरणी त्याने घडवली, आणि ते लहान काम नव्हे. पण यंत्र एकट्याचं नव्हतं, आणि नाव एकट्याचं लागलं. त्याच्या आडनावात ज्या कारागिराचा मान आहे, तोच मान त्याने हाईज आणि के यांना दिला नाही.

म्हणून फायनल इयरवाल्यांना एकच सांगणं. प्रोजेक्ट रिपोर्टच्या पहिल्या पानावर चौघांची नावं तर याल टाकून. पण लेथवर उभं राहून ज्यांनी तुमचा शाफ्ट काढून दिला, त्या वर्कशॉपमधल्या मामांचं नावही तिथे लिहा. आभाराच्या पानावर नको, पहिल्याच पानावर.