जॉर्ज मार्शल

ज्याचे सारे आयुष्य सैन्यात गेले, अशा सेनानीला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळावे, ही गोष्ट प्रथम नवलाची वाटते. अमेरिकेचे सेनानी व मुत्सद्दी जॉर्ज मार्शल यांना १९५३ साली हा मान लाभला.

त्यांचा जन्म ३१ डिसेंबर १८८० रोजी पेन्सिल्व्हेनियातील युनियनटाउन या गावी झाला. शाळेत ते फारसे चमकले नाहीत. परंतु व्हर्जिनियाच्या लष्करी विद्यालयात शिस्त आणि परिश्रम यांच्या बळावर ते पुढे आले. १ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरच्या फौजा पोलंडमध्ये घुसल्या. त्याच दिवशी मार्शल अमेरिकेचे लष्करप्रमुख झाले. त्या वेळी सैन्य २ लाखांहूनही कमी होते. युद्ध संपताना ते ८० लाखांवर गेले. नॉर्मंडीवरील स्वारीचे नेतृत्व आपणास मिळावे, अशी त्यांची मनीषा होती. पण त्यांनी ते कधी मागितले नाही. अध्यक्ष रूझवेल्ट यांना ते राजधानीतच हवे होते. तो मान आयझेनहॉवर यांना मिळाला आणि मार्शल निमूटपणे आपल्या कामात मग्न राहिले.

महायुद्ध संपताच चीनमध्ये च्यांग कै-शेक यांचे सरकार व माओ त्से-तुंग यांचे साम्यवादी यांच्यात यादवी पेटू लागली. समेट घडवून आणण्यासाठी १९४५ च्या डिसेंबरात अध्यक्ष ट्रूमन यांनी मार्शल यांना तेथे धाडले. वर्षभर त्यांनी खटपट केली. परंतु दोन्ही पक्षांना एकमेकांचा विश्वास वाटेना. त्यांना रिक्त हस्ताने परतावे लागले आणि १९४९ साली चीनमध्ये साम्यवादी सत्ता आली.

जानेवारी १९४७ मध्ये मार्शल परराष्ट्रमंत्री झाले. त्या वेळी युरोपची दशा केविलवाणी होती. शहरे बेचिराख झाली होती, कोळसा व धान्य मिळत नव्हते आणि त्यातच कडाक्याचा हिवाळा आला. पूर्व युरोपात रशियाचे वर्चस्व होते. फ्रान्स व इटली या देशांतही साम्यवादी पक्ष प्रबळ होते. साम्यवादाचा प्रसार रोखण्यासाठी ट्रूमन यांनी मार्चमध्ये ग्रीस व तुर्कस्तान यांना ४० कोटी डॉलरची मदत देण्याचे ठरविले. तीत लष्करी साहाय्याचा मोठा वाटा होता. परंतु केवळ शस्त्रांनी हा प्रश्न सुटणार नाही, हे मार्शल यांनी ओळखले. उपाशी व निराश माणसाला प्रथम अन्न, काम आणि आशा हवी असते.

५ जून १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील एका छोट्या भाषणात त्यांनी आपली योजना मांडली. युरोपीय राष्ट्रांनी एकत्र बसून आपल्या गरजा ठरवाव्यात आणि अमेरिकेने त्या भागविण्यास साहाय्य करावे, असे तिचे सूत्र होते. रशियालाही दार मोकळे होते. पण पॅरिसच्या बैठकीतून मोलोटोव्ह उठून गेले. रशियाच्या दडपणामुळे पोलंड व चेकोस्लोव्हाकिया यांनाही माघार घ्यावी लागली. अमेरिकेतही पैसा देण्यास विरोध होता. मार्शल देशभर हिंडले आणि शेतकरी, व्यापारी, महिला मंडळे या सर्वांना त्यांनी योजना समजावून सांगितली. ३ एप्रिल १९४८ रोजी कायदा झाला. १६ राष्ट्रांना सुमारे चार वर्षांत १३०० कोटी डॉलरचे साहाय्य मिळाले. धान्य, खते, कोळसा, यंत्रे युरोपच्या बंदरांत उतरू लागली आणि कारखान्यांची धुराडी पुन्हा पेटली.

या मदतीत अमेरिकेच्या व्यापाराचाही स्वार्थ होता, तसेच तिच्यामुळे युरोपची फाळणी अधिक पक्की झाली, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. त्यात तथ्य आहे. तथापि तिने कोट्यवधी लोकांचे जीवन सावरले, हेही खरे.

पुढे साम्यवादाच्या भीतीने अमेरिकेत संशयाचे वातावरण पसरले. चीन साम्यवाद्यांच्या हाती जाण्यास मार्शल कारणीभूत आहेत, असा आरोप १९५१ साली सिनेटर मॅकार्थी यांनी केला. मार्शल यांनी वादात पडण्याचे नाकारले. उलट, ओस्लो येथे त्यांना पारितोषिक देण्यात आले, तेव्हा साम्यवाद्यांनी सभागृहात निषेधाची पत्रके उधळली. दोन्ही बाजूंचा रोष त्यांनी शांतपणे सोसला.

१६ ऑक्टोबर १९५९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार अंत्यविधी अगदी साधेपणाने झाला. आत्मचरित्र त्यांनी लिहिलेच नाही. रणांगणावरील विजयाइतकाच भुकेल्यांना दिलेला आधारही राष्ट्रांचे भवितव्य घडवितो, ही शिकवण मात्र त्यांच्या कार्याने मागे ठेवली.