मेंदूतला पूल शोधणारे वारोलिओ

पूर्वी मेंदूचे विच्छेदन वरून काप घेत होई. तळापर्यंत पोहोचेतो तिथला भाग विस्कटलेला असे. इटलीत बोलोन्याला जन्मलेल्या कोस्तांझो वारोलिओंनी (१५४३-१५७५) मेंदू कवटीबाहेर काढून चक्क उलटा ठेवला आणि तळापासून सुरुवात केली. तेव्हा मस्तिष्कस्तंभावरचा आडवा फुगवटा स्पष्ट दिसला. कालव्यावर पूल असावा तसा, म्हणून नावही ‘पूल’च! १५७३ मध्ये पादुआत पुस्तक निघाले. दोनच वर्षांनी ते रोममध्ये वारले. वय जेमतेम ३२.

या पुलाचे काम त्यांना कळणे त्या काळी शक्यच नव्हते. चेहऱ्याची संवेदना, डोळ्यांची हालचाल, श्वासाची लय यांत त्याचा वाटा असतो. इथला रक्तपुरवठा तुटला, तर कधीकधी माणूस पूर्ण शुद्धीत असतो, सगळे ऐकतो, पण हलवू शकतो फक्त डोळे.