मुंबईच्या तिजोरीवर पहारा बसवणारे फिरोजशहा मेहता

१८६५ साली आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झाले. त्यांनी रस्ते, गटारं, मार्केट अशा कामांचा धडाका लावला, पण तिजोरी रिकामी झाली. १८७१ मध्ये करदाते खवळले. पंचविशीतले बॅरिस्टर फिरोजशहा मेहता मात्र क्रॉफर्ड यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्या मते दोष माणसाचा नव्हता, व्यवस्थेचा होता. कर भरणाऱ्यांनी निवडलेल्या माणसांचा खर्चावर अंकुश हवा होता.

१८७२ च्या कायद्याने करदात्यांना मत मिळालं. पुढे १८८८ चा कायदा घडवण्यात मेहतांचा मोठा वाटा होता. पैसा महापालिका निधीत जमा करायचा आणि बजेटमध्ये मंजुरी असेल तरच खर्चायचा, हा त्यातला नियम. १९१५ मध्ये मेहता गेले, पण मुंबई महापालिका आजही त्याच कायद्यावर चालते.