बालाचडीचे बापू

गेल्या दिवाळीत आमच्या साकोलीच्या घरी फराळाच्या ताटांवर मोठा वाद रंगला. माझा नातू मेलबर्नला नोकरीला असतो. तीन वर्षांनी घरी आला होता. बोलता बोलता विषय निघाला तो होड्यांतून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याकडे येणाऱ्या निर्वासितांचा. २००१ साली टाम्पा नावाच्या नॉर्वेजियन जहाजाने समुद्रात बुडू लागलेल्या ४३३ माणसांना वाचवले, तेव्हा ऑस्ट्रेलियाने त्यांना आपल्या भूमीवर उतरू दिले नाही. तेव्हापासून, मध्ये काही वर्षे सोडली तर, अशा लोकांना नाउरू या चिमुकल्या बेटावर किंवा पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावर नेऊन ठेवायचे आणि त्यांच्या अर्जांची छाननी तिथेच करायची, असे धोरण तिथे चालत आले. मानुसची छावणी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली बेकायदा ठरवली आणि पुढच्या वर्षी ती बंद झाली.

नातवाला हे धोरण पटते. त्याचे म्हणणे असे, की आबा, मी कागदपत्रे जमवली, परीक्षा दिल्या, रांगेत उभा राहिलो. मग दलालाला पैसे मोजून होडीत बसलेल्याला माझ्या आधी जागा का? शिवाय या होड्या बुडतात, लेकरेबाळे समुद्रात जातात. दार बंद झाले म्हणून तर होड्या थांबल्या. थोरल्या सुनेला हे मुळीच पटले नाही. ज्याच्या घराला आग लागली आहे त्याने कुठली रांग शोधायची, असे तिने विचारले आणि फोनवर फिरत आलेला एक मजकूर वाचून दाखवला. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या अनाथ मुलांनी भरलेले एक जहाज बंदरोबंदरी फिरत होते, सगळ्यांनी त्याला हाकलले आणि शेवटी जामनगरच्या महाराजांनी मुलांना उतरवून घेतले, अशी ती गोष्ट.

मग दोघांनीही माझ्याकडे पाहिले. मी उभा जन्म इतिहास शिकवण्यात घालवलेला मास्तर. मला सांगावे लागले, की महाराज खरे, मुले खरी, आसरा खरा. पण पहिली मुले त्या जहाजातून आली नाहीत, ती ट्रकांतून आली. सुनेचा चेहरा उतरला आणि नातू हसला. पण मला वाटते, खरी हकीकत त्या जहाजाच्या गोष्टीपेक्षा अधिक विचार करायला लावणारी आहे. म्हणून आज ती सविस्तर सांगतो.

नवानगर म्हणजे काठेवाडातले, आजच्या जामनगर भागातले संस्थान. आपल्याकडे ते ठाऊक आहे ते रणजितसिंहांमुळे, ज्यांच्या नावाने रणजी करंडक खेळला जातो. रणजितसिंहांना लहानपणी वारस म्हणून निवडले गेले होते. पुढे राजाला मुलगा झाला आणि ते बाजूला पडले. गादी मिळाली ती फार उशिरा, १९०७ साली. त्यांना स्वतःला मूल नव्हते. पुतण्या दिग्विजयसिंह याला त्यांनी दत्तक घेतले. हेच आपल्या हकीकतीतले जामसाहेब. जन्म १८ सप्टेंबर १८९५ चा. शिक्षण राजकोटला आणि मग इंग्लंडात झाले. पुढे बरीच वर्षे त्यांनी सैन्यात नोकरी केली. पहिल्या महायुद्धानंतर रणजितसिंह जिनिव्हाला राष्ट्रसंघाच्या बैठकांना जात. तिथे थोर पियानोवादक आणि पोलंडचे एकेकाळचे पंतप्रधान पादेरेव्स्की यांच्याशी या घराण्याचा परिचय झाला, आणि पोलंड या देशाविषयीची आपुलकी तिथूनच आली, असे सांगितले जाते.

१९३३ साली रणजितसिंह गेले आणि दिग्विजयसिंह गादीवर आले. त्यांनी क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षपद भूषवले. संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळाचे ते १९३७ पासून अनेक वर्षे कुलपती होते. युद्ध पेटल्यावर ब्रिटिशांच्या युद्ध मंत्रिमंडळात हिंदुस्थानचे एक प्रतिनिधी म्हणून ते लंडनला गेले. तिथेच निर्वासित पोलिश सरकारचे पंतप्रधान जनरल सिकोर्स्की यांच्याशी त्यांची ओळख झाली.

पोलंडची अवस्था तेव्हा अशी होती. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून हिटलर आणि पूर्वेकडून स्टालिन यांनी तो देश वाटून घेतला. पूर्वेकडच्या लाखो लोकांना १९४० आणि १९४१ मध्ये गुरांच्या डब्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकण्यात आले. थंडी, उपासमार आणि रोगराईने घरेच्या घरे गेली. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केला, तेव्हा रशियाला मित्रांची गरज लागली आणि या पोलिश बंद्यांना मोकळे करण्यात आले. मोकळे केले खरे, पण जायचे कुठे? आईबाप गमावलेली मुले अनाथालयांत गोळा होऊ लागली. हजारो माणसे कास्पियन समुद्र ओलांडून जहाजांनी इराणला पोचली. काही मुलांना अश्गाबादहून ट्रकांत बसवून मशहद, झाहेदान अशा डोंगराळ, वाळवंटी वाटेने क्वेट्ट्यापर्यंत आणि पुढे आगगाडीने मुंबईला आणण्यात आले. १९४२ च्या एप्रिल महिन्यात ती मुंबईत पोचली आणि काही महिने वांद्र्याला राहिली.

आता इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही मुले न विचारता आली नव्हती. याद्या झाल्या होत्या, परवानग्या झाल्या होत्या, खर्च कोणी करायचा यावर पत्रव्यवहार झाला होता. म्हणजे नातवाची रांग इथे होती. पण ती रांग पुढे सरकली, कारण तिच्या शेवटच्या टोकाला एक माणूस उभा होता आणि तो म्हणत होता की मुले माझ्याकडे आणा. बाकी सगळे आकडेमोड करत असताना जामसाहेबांनी जागा देऊ केली. इतर संस्थानिकांनी आणि उद्योगपतींनी मग वर्गणी दिली.

जागा दिली ती कुठे? जामनगरपासून सुमारे २५ किलोमीटरवर समुद्रकाठी बालाचडी नावाचे गाव आहे. तिथे महाराजांचा उन्हाळी वाडा होता. त्या वाड्याच्या शेजारीच मुलांसाठी बराकी उभ्या राहिल्या. जुलै १९४२ मध्ये मुले तिथे राहायला गेली. महाराज त्यांना भेटले आणि त्यांनी सांगितले, की तुम्ही स्वतःला पोरके समजू नका, नवानगरच्या प्रजेप्रमाणे मलाही तुम्ही बापू म्हणा. मुलांनी त्यांना अखेरपर्यंत बापूच म्हटले.

त्या मुलांपैकी अनेकांनी म्हातारपणी आठवणी सांगितल्या आहेत. त्यात राजवैभव कमी आणि घरगुती गोष्टीच जास्त आढळतात. इथले तिखट जेवण पोरांच्या घशाखाली उतरेना, म्हणून गोव्याकडचे आचारी बोलावले गेले. एकदा रोजच्या पालकाच्या भाजीला कंटाळून पोरांनी संप पुकारला. बापूंनी आपल्या आचाऱ्यांची नव्हे, पोरांची बाजू घेतली आणि पालक बंद करवला. फुटबॉलचे मैदान होते, बालवीरांचे पथक होते, पोलिश भाषेत शाळा होती, छावणीवर पोलंडचा झेंडा फडकत असे. फादर प्लुता नावाचे पोलिश धर्मगुरू छावणीचे प्रमुख होते. आपला धर्म, आपली भाषा, आपले सण सोडा, असे त्या मुलांना कोणी म्हटले नाही.

बालाचडीनंतर कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ पासून याहून मोठी वसाहत झाली. इराणहून समुद्रमार्गे कराचीला आणि तिथून रेल्वेने आलेले सुमारे ५ हजार पोलिश लोक, बहुतेक स्त्रिया आणि मुले, तिथे १९४८ पर्यंत राहिले. म्हणजे जहाजे होतीच. फक्त गोष्टीतले ते जहाज तसे नव्हते.

हे सगळे सांगून झाल्यावर नातवाने मला एक प्रश्न विचारला आणि त्याने मी विचारात पडलो. तो म्हणाला, आबा, ब्रिटिशांनी तरी या लोकांना इंग्लंडात कुठे नेले? हिंदुस्थानात ठेवले, टांगानिकात ठेवले, युगांडात ठेवले. हेही नाउरूच की! पोराचे म्हणणे खोटे नव्हते. युद्ध चालू असताना या बायकापोरांना वसाहतींमधून ठेवण्यात आले. इंग्लंडची दारे पोलिशांसाठी खऱ्या अर्थाने उघडली ती युद्धानंतर, १९४७ च्या कायद्याने. साम्राज्याच्या हिशेबात बालाचडी हे दूरचे एक ठिकाण होते, जिथे नको असलेली गर्दी ठेवता येत होती. आणि ज्या हिंदुस्थानात ती ठेवली, त्याच हिंदुस्थानात १९४३ साली बंगालमध्ये माणसे अन्नावाचून रस्त्यात मरत होती.

मग फरक कुठे पडला? मला वाटते, तो फरक युद्ध संपल्यावर दिसला. १९४५ नंतर पोलंडमध्ये रशियाच्या छायेखालचे सरकार आले आणि मुलांना परत पाठवा, अशी मागणी होऊ लागली. ज्या राजवटीने यांचे आईबाप नेले, तिच्याच हाती ही मुले पुन्हा द्यायची का? बापूंना हात झटकणे सोपे होते. चार वर्षे सांभाळले, आता तुमची मुले तुम्ही न्या, असे म्हटले असते तर कोणी दोष दिला नसता. पण त्यांनी, फादर प्लुतांनी आणि एका ब्रिटिश संपर्क अधिकाऱ्याने मिळून या अनाथ मुलांना सामूहिक दत्तक घेतल्याचे कागद केले. कायद्याने पालक उभा राहिल्यावर मुलांना सक्तीने पाठवणे अवघड झाले. १९४६ साली बालाचडीची छावणी बंद झाली, मुले वळिवड्याला गेली आणि तिथून कोणी अमेरिकेला, कोणी इंग्लंडला, कोणी आपल्या मर्जीने पोलंडला गेले. जो स्वतः दत्तक जाऊन राजा झाला, त्याने परक्या मुलुखातल्या पोरांसाठी तोच दत्तकाचा कागद वापरला.

नाउरूचे मला जे खटकते ते हेच. छाननीला माझी हरकत नाही. कोण येतो, कशासाठी येतो, हे राज्याने पाहिलेच पाहिजे. बुडणाऱ्या होड्यांचे दुःखही खरे आहे. पण छाननी आपल्या अंगणात न करता दुसऱ्या गरीब देशाला पैसे देऊन त्याच्या बेटावर करायची, यात माणसाची जबाबदारी नेमकी कोणाची, हे कधी ठरतच नाही. हा म्हणतो, ती त्याच्या बेटावर आहेत. तो म्हणतो, ती त्याने पाठवली आहेत. माणसे मात्र वर्षानुवर्षे तिथेच पडून राहतात. बालाचडीत हा प्रश्न कधी पडलाच नाही, कारण छावणी राजाच्या वाड्याशेजारी होती आणि कागदावर राजाचे नाव होते.

आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या लोकांना हे समजायला अवघड जाऊ नये. १९७२ साली मी अर्जुनी-मोरगावला नवा मास्तर होतो. तेव्हा तो तालुका आमच्याच जिल्ह्यात होता. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला. त्या वर्षी गोठणगावजवळ, प्रतापगडच्या पायथ्याच्या रानात, तिबेटी निर्वासितांची वसाहत वसली. हजाराच्या आसपास माणसे होती. हिमालयातली ही माणसे आमच्या धानाच्या चिखलात कशी टिकणार, असे सगळ्यांना वाटे. गावात कुरकुरही झाली. आपल्या भूमिहीनाला तुकडा नाही आणि यांना का, हा प्रश्न मी पारावर स्वतःच्या कानांनी ऐकला, आणि तरुणपणी मलाही तो रास्त वाटला होता. पण सरकारने वसाहत आमच्या तालुक्यात केली, आमच्याच बाजारात त्यांना यावे लागले, आमच्याच दवाखान्यात रांग लावावी लागली. बघता बघता ती माणसे ओळखीची झाली. धान लावायला शिकली, थंडीत गावोगावी स्वेटर विकू लागली. आज त्या वसाहतीला नॉर्गेलिंग म्हणतात, तिथे मठ आहे, आणि तिबेटी लोक आपसात तिला अजून भंडारा याच नावाने ओळखतात. भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. तरीही हे झाले.

जामसाहेबांचे पुढचे आयुष्यही कर्तबगारीचे गेले. संस्थान विलीन झाल्यावर १९४८ साली ते सौराष्ट्राचे राजप्रमुख झाले, संयुक्त राष्ट्रसंघात भारताच्या शिष्टमंडळात बसले, सोमनाथाच्या मंदिर उभारणीत पुढे राहिले. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. सिकोर्स्कींनी उपकाराची फेड कशी करू, असे विचारले तेव्हा वॉर्सात एका रस्त्याला माझे नाव द्या, असे बापू म्हणाले होते, अशी गोष्ट सांगतात. साम्यवादी राजवटीत ते होणे नव्हते. ती गेल्यावर वॉर्सातल्या एका शाळेने त्यांचे नाव घेतले, आणि पुढे एका चौकाला भल्या महाराजांचे नाव मिळाले. तिथे त्यांचे स्मारकही आहे. बालाचडीला आता सैनिकी शाळा आहे.

परतीच्या आदल्या दिवशी नातवाला घेऊन मी गोठणगावला गेलो. वसाहतीतल्या एका म्हाताऱ्याने आम्हाला चहा पाजला आणि माझ्याशी झाडीबोलीत धानाच्या भावावर तक्रार केली. नातू सगळे ऐकत होता. गाडीत बसल्यावर बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, आबा, रांग हवी हे माझे मत अजून तेच आहे. पण रांगेच्या टोकाला कोणीतरी उभे असले पाहिजे, हे मान्य. मी त्यावर काही बोललो नाही. घरी पोचल्यावर मात्र त्याने आधी सुनेला हाक मारली आणि तिला तेच सांगितले.