मेजर लीगच्या उंबरठ्यावरचा फटकेबाज

पन्नासच्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये स्टीव्ह बिल्को हे नाव सर्वतोमुखी होते. टेलिव्हिजनवरील एका गाजलेल्या विनोदी मालिकेतील सार्जंटला त्याचेच आडनाव देण्यात आले. मेजर लीगमध्ये मात्र या धिप्पाड फलंदाजाचे पाय कधीच नीट रोवले गेले नाहीत.

पेनसिल्व्हेनियातील कोळसा खाणींच्या परिसरातील नँटिकोक येथे १९२८ मध्ये त्याचा जन्म झाला. सेंट लुई कार्डिनल्सने सोळाव्या वर्षीच त्याला करारबद्ध केले. १९४९ मध्ये पदार्पण झाले, पण पूर्ण हंगाम खेळायला १९५३ उजाडावे लागले. त्या वर्षी त्याने २१ होमरन फटकावले. मात्र १२५ वेळा तो स्ट्राइकआउट झाला. चेंडू हुकवून असे बाद होणे त्या काळी नामुष्कीचे मानले जाई. आज याहून अधिक वेळा बाद होणारे फटकेबाज संघात सुखेनैव नांदतात. बिल्कोला पुढच्याच हंगामात शिकागो कब्जला विकण्यात आले आणि तेथे तो बहुतांशी राखीव खेळाडूंतच बसून राहिला.

१९५५ मध्ये त्याची रवानगी पॅसिफिक कोस्ट लीगमधील लॉस एंजेलिस एंजल्सकडे झाली. पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा मेजर लीगचा एकही संघ नव्हता. तेथील प्रेक्षकांचे सारे प्रेम या कनिष्ठ लीगवर होते. सलग तीन हंगामांत बिल्कोने ३७, ५५ आणि ५६ होमरन मारले व तिन्ही वर्षे तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. रिग्ली फील्ड हे त्याचे घरचे मैदान लहान होते, हा आक्षेप खरा. पण त्याच मैदानावर खेळणाऱ्या इतरांना ही मजल गाठता आली नाही, हेही तितकेच खरे.

१९५८ मध्ये डॉजर्स लॉस एंजेलिसला आले, तेव्हा बिल्को सिनसिनाटीकडे होता. जूनमध्ये डॉजर्सने त्याला घेतले खरे, पण त्याच्या जागेवर गिल हॉजेस ठाण मांडून होता. १९५९ मध्ये तो पुन्हा कनिष्ठ लीगमध्ये परतला.

१९६१ मध्ये मेजर लीगमध्ये एंजल्स याच नावाचा नवा संघ अवतरला, तोही रिग्ली फील्डवरच. बत्तिशीतल्या बिल्कोने २० होमरन मारले. हंगामाच्या अखेरच्या सामन्यात, नवव्या डावात, बदली फलंदाज म्हणून येऊन त्याने मारलेला होमरन त्या मैदानावरील मेजर लीगचा शेवटचा होमरन ठरला.

१९६३ मध्ये रॉचेस्टरच्या कनिष्ठ संघातून त्याची कारकीर्द संपली. मेजर लीगमध्ये ७६ आणि कनिष्ठ लीगमध्ये ३१३ होमरन त्याच्या नावावर राहिले. नंतर तो नँटिकोकला परतला. १९७८ मध्ये, वयाच्या अवघ्या ४९व्या वर्षी, त्याचे निधन झाले.